सामाईक विहीर व कुत्रा एक

जालना जिल्ह्यात विहीर सामाईक असते, दोन रानांमधला धुरा सामाईक असतो, धुऱ्यावरची बाभळ सामाईक असते आणि त्या बाभळीच्या सावलीवरून लागलेलं भांडण तीन-तीन पिढ्या सामाईक चालतं. पण बॉण्डवर टाइप करून, चार साक्षीदारांच्या सह्या घेऊन कुत्रा सामाईक केलेलं घर अख्ख्या जिल्ह्यात एकच, आमचं. कुणाला शंका असेल तर बॉण्ड माझ्या कपाटात आहे, वरच्या कप्प्यात, बायकोच्या शालूखाली. येऊन पाहा. चहा मिळेल.

आम्ही दोघे भाऊ. दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. तो वडीगोद्रीच्या पलीकडे आमच्या गावात शेती बघतो. मी जालन्यात एका ऑफिसात फायली या टेबलावरून त्या टेबलावर नेतो आणि मस्तगडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. वडील गेल्यावर तीन वर्षांनी वाटणी करायचं ठरलं. लोकांच्या वाटण्यांत डोकी फुटतात. आमची वाटणी इतक्या शांततेत झाली की बघायला जमलेली मंडळी निराश होऊन आपापल्या घरी जेवायला गेली. वरचं रान दादाला, खालचं मला. माझं मी बटईनं, निम्म्या पिकाच्या बोलीवर, लावून दिलं. मोसंबीची झाडं निम्मी-निम्मी. बैलजोडी दादाला, फ्रिज मला. विहीर सामाईक, कारण विहीर मधोमध कापता येत नाही. आठ दिवस त्याची मोटर, आठ दिवस माझ्या बटईदाराची.

अंबडला तहसीलबाहेर बॉण्ड टाइप करणारे एक गृहस्थ बसतात. त्यांनी आमचं सगळं टाइप केलं, बोटं की-बोर्डवर तशीच ठेवली आणि विचारलं, "अजून काही राह्यलं का?"

दादा म्हणाला, "कुत्रं राह्यलं."

मी म्हणालो, "ते माझं आहे."

"तुझं कसं? मोटरच्या खोलीत सापडलं तव्हा म्या शर्टात गुंडाळून आणलं."

"दादा, मोटरच्या खोलीत मांजर सापडलं होतं. कुत्रा मी वडीगोद्रीच्या फाट्यावरून आणला, हेल्मेटात घालून. अजून त्या हेल्मेटाला वास आहे."

खरं सांगायचं तर दोन्ही गोष्टी खोट्या होत्या. ते पिल्लू एका दुपारी वहिनीच्या मागं मागं बाजारातून आपल्या पायांनी आलं आणि भाकरीच्या टोपल्याशेजारी बसलं. त्याला कुणी आणलं नाही. त्यानंच आम्हाला निवडलं. पण वहिनी अंबडला आलेली नव्हती, त्यामुळे खरं बोलणारं माणूस तिथं कुणी नव्हतं.

कुत्रा म्हणजे काही विलायती नव्हे. गावरान, भाजलेल्या भाकरीच्या रंगाचा, एक कान उभा आणि एक कान रजेवर. त्याचं नाव मी लिहीत नाही, कारण आमच्या गल्लीतल्या एका वजनदार सद्‌गृहस्थांचंही तेच नाव आहे आणि त्यांना आधीच संशय आहे.

वाटणीत रान, झाडं, बैल कशावरूनही आवाज न चढवलेले आम्ही दोघे कुत्र्यावरून इतके चढलो की तहसीलच्या आवारातली कावळ्यांची सभा उठली. टाइप करणाऱ्या गृहस्थांना दुपारचं जेवण दिसत होतं. ते म्हणाले, "थांबा. विहिरीसारखंच करू. कलमं तयारच हायेत माझ्याकडं." त्यांनी विहिरीच्या कलमांत जिथं जिथं 'विहीर' होतं तिथं तिथं 'विहीर व कुत्रा' करून टाकलं. आम्ही सह्या केल्या. वाचलं कुणीच नाही. आमच्याकडे कागद सही करायच्या आधी वाचला तर समोरच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं, आणि सही केल्यावर वाचला नाही तर झोप लागत नाही.

घरी आल्यावर वहिनीनं तो मोठ्यानं वाचला. 'सदर विहीर व कुत्रा यांची पाळी आठ-आठ दिवसांची राहील.' इथवर ठीक होतं. पुढं होतं: 'सदर विहीर व कुत्रा यांचा गाळ उभयतांनी मिळून काढावा.' आणि त्याच्याखाली: 'कोणाही एका हिस्सेदारास सदर विहीर व कुत्रा परस्पर बुजवता येणार नाही.' वहिनी हसत हसत उंबऱ्यावर बसली, मग आडवी झाली. दादा मात्र गंभीर होता. म्हणाला, "हसू नको. कलम बराबर हाय. उद्या बारक्यानं बुजवलं तर?"

बारक्या म्हणजे मी. माझं वय चव्वेचाळीस आहे.

असा कुत्र्याचा कायदा सुरू झाला. दर शनिवारी मी जालन्याहून निघायचो, दादा गावाहून, आणि अंबडला दोन्हींच्या मध्यावर एका चहाच्या हॉटेलात पाळी बदलायची. एका शनिवारी तो कुत्रा घेऊन येणार, पुढच्या शनिवारी मी. सासरहून लेक आणायला मुऱ्हाळी जातो ना, तसंच सगळं. वहिनी कुत्र्याबरोबर शिदोरी द्यायची: बाजरीची भाकरी चुरून, वर दुधाची साय, कधी धपाटे. धपाटे कुत्र्यापर्यंत पोचले असं मी शपथेवर सांगू शकत नाही. माझी बायको इकडून टोस्टचा पुडा आणि अंगाला लावायची पावडर द्यायची. दादा तो पावडरचा डबा हॉटेलवाल्यासमोर फिरवून म्हणायचा, "बघा. आमच्या बापाला आयुष्यात पावडर लागली न्हाई."

जाताना कुत्रा माझ्या मोटरसायकलच्या टाकीवर बसतो. उभा कान वाऱ्यावर, रजेवरचा कानही त्या दिवशी कामावर. समोरून येणारा उसाचा ट्रॅक्टर त्याला पाहून बाजूला होतो आणि ड्रायव्हर रामराम घालतो, असं मी ऑफिसात सांगतो. त्यातलं निम्मं खरं आहे. ट्रॅक्टर असतो.

पण माझं खरं दुखणं वेगळंच होतं, आणि ते मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. मला हे कळेना की तिकडे हा कोण असतो. माझ्याकडे तो पक्का शहरी. सकाळी गॅलरीतून मस्तगडचा रस्ता बघणार, जिन्यात कुणी चढलं तर दोनदाच भुंकणार, टोस्ट चहात बुडवून दिला तरच खाणार. आणि दादा सांगायचा की तिकडे तो रानडुकराच्या मागं नाल्यापर्यंत जातो, मोसंबीच्या बागेत माकड येऊ देत नाही आणि शिळी भाकरी हवेतल्या हवेत झेलतो. एकाच कातड्यात दोन कुत्रे. मग माझा कुठला? आणि माझ्याकडे शेपूट हलवतो ती जास्त हलवतो की तिकडे? एकदा मी मोबाइलवर वेळ लावली. शनिवारी मला पाहिल्यापासून शेपूट थांबेपर्यंत. दोन मिनिटं भरली. मग वाटलं, हा आकडा दुसऱ्या आकड्याशिवाय बिनकामाचा. म्हणून वहिनीला फोन केला.

"वहिनी, दादाला बघून तो किती वेळ शेपूट हलवतो हो?"

"म्या काय घड्याळ घेऊन बसून राह्यले का?"

"असं अंदाजे. आणि झोपतो कुठं?"

"तुमच्या दादाच्या खाटंखाली."

"खाटेखाली की खाटेवर?"

मग वहिनी म्हणाली, "भाऊजी, कुत्र्याची चौकशी करून राह्यले का सवतीची?"

त्यानंतर मी वहिनीला विचारणं बंद केलं. दादाला विचारायची तर हिंमतच नव्हती. त्याच्याही मनात हेच होतं, ते मला त्याच्या प्रश्नांवरून कळायचं. "तुझ्याकडं पोट भरून जेवतो का?" असं तो विचारायचा, आणि मी "हो" म्हटलं की त्याचा चेहरा पडायचा.

इथं आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं समजायचं नाही. वाटणीच्या आधी आम्ही भाऊ वर्षातून दोनदा भेटायचो, दिवाळीला आणि कुणाच्या तरी मयतीला. कुत्रा सामाईक झाल्यापासून बावन्न शनिवारांतले पन्नास शनिवार आम्ही समोरासमोर बसून चहा पिऊ लागलो. बोलणं सगळं कुत्र्याचंच. पण कुत्र्याच्या गोचिडांवरून सुरू झालेलं बोलणं बागेवर जायचं, बागेवरून दादाच्या गुडघ्यावर, गुडघ्यावरून वडिलांवर. एकदा दादा म्हणाला, "आपला बाप आपल्याशी इतका बोलला न्हाई, जितकं आपण ह्या कुत्र्याचं बोललो." मी म्हणालो, "बाप सामाईक होता, पण पाळी नव्हती." तो हसला. दादाला हसवणं म्हणजे कोरड्या बोअरला पाणी आणणं. मी ते अजून लक्षात ठेवलंय.

आणि मग मी घाण केली.

शहरात कुत्रा पाळायचा तर परवाना लागतो असं आमच्या बिल्डिंगमधल्या कुणीतरी काढलं. मी लस टोचल्याचा कागद घेऊन परवान्याच्या ऑफिसात गेलो. तिथल्या बाई फार सज्जन, चष्म्यावरून बघणाऱ्या. फॉर्म दिला. त्यावर 'मालकाचे नाव' आणि पुढं एकच ओळ.

मी म्हणालो, "बाई, मालक दोन आहेत."

"मालक एकच असतो."

"आमच्याकडं एका विहिरीला सतरा मालक असतात."

"विहीर कुणाला चावते का?" बाई म्हणाल्या. "चावला तर आम्ही कुणाच्या दारात यायचं, तेवढं एक नाव द्या."

आता इथं मी थांबायला हवं होतं. दादाला एक फोन लावायला हवा होता. पण हातात पेन असलं आणि समोर एक रिकामी ओळ असली की माणसाचा हात त्याच्या मनातलं लिहून मोकळा होतो. मी माझं नाव लिहिलं. अक्षर इतकं सुंदर आलं की शाळेत तसं कधी आलं नव्हतं. बाईंनी एक पितळी बिल्ला दिला, त्यावर नंबर. मी तो कुत्र्याच्या पट्ट्याला अडकवला आणि जिना चढताना तो खणखणत होता.

पुढच्या शनिवारी पाळी बदलायला अंबडला गेलो. दादानं बशीत चहा ओतला, कुत्र्याच्या मानेवरून हात फिरवला आणि हात बिल्ल्याशी थांबला.

"हे काय?"

"काही नाही. परवाना. शहरात लागतो."

"कोणाच्या नावानं?"

मी हॉटेलवाल्याला विचारलं, भजी आहेत का.

"कोणाच्या नावानं, बारक्या?"

"ओळ एकच होती, दादा."

दादानं बशी खाली ठेवली. ज्यानं हयातभर शेती केली त्याच्यापुढं तुम्ही काय वाट्टेल ते करा, शिव्या द्या, धुरा दोन बोटं सरकवा, तो सहन करील. पण परस्पर कागदाला नाव लावणं म्हणजे संपलं. तो माणूस सातबारा दहा फुटांवरून उलटा वाचतो. त्याला फेरफार, हरकत, नोंद हे शब्द पोराच्या नावापेक्षा आधी आठवतात.

"नाव लावलंस," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "परस्पर नाव लावलंस."

"दादा, कुत्रा आहे तो. जमीन नाही."

"जमिनीचं सांगितलं असतं तर म्या सही केली असती."

तो कुत्र्याला घेऊन उठला. कुत्रा एकदा माझ्याकडे बघून त्याच्या मागं गेला. पाळी त्याची होती, कुत्र्याचं काही चुकलं नाही.

पुढच्या शनिवारी मी अंबडला गेलो तर दादा आला नाही. मी तीन चहा प्यायलो. फोन लावला, उचलला नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी मी पुन्हा गेलो, खिशात साखळी, पिशवीत टोस्ट. हॉटेलवाला म्हणाला, "आज बी न्हाई आले दादा?" मी म्हणालो, "बागेचं काम असंल." तिसऱ्या शनिवारी त्यानं काही विचारलं नाही, एकच चहा आणून ठेवला. घरी बायको म्हणाली, "गावाला जाऊन घेऊन या की. तुमची पाळी आहे, कागद आहे." कागद होता. पण कागद दाखवून भावाच्या दारातून कुत्रा ओढून आणणारा माणूस मला आरशात बघायचा नव्हता. कुत्रा जाणार, हे मी मनाशी मान्य करत आलो होतो. पण कुत्र्यामागं शनिवारही जाणार, हे काही केल्या मान्य होईना.

चौथ्या आठवड्यात, सोमवारी, ऑफिसात फोन वाजला. परवान्याच्या बाई होत्या.

"तुमचे मोठे बंधू इथं आलेत. कुत्र्यासकट. तुम्ही जरा लवकर या."

मी अर्ध्या तासाची रजा टाकली आणि असा सुटलो की मामा चौकातल्या बैलगाड्या मी मागं टाकल्या. गाड्या उभ्या होत्या, पण टाकल्या.

ऑफिसात दादा बाईंच्या टेबलासमोर ताठ बसला होता. धुतलेलं धोतर, टोपी, मांडीवर प्लास्टिकची पिशवी. पिशवीत बॉण्डची नक्कल, विहिरीचा सातबारा, विहिरीच्या काठावर बसलेल्या कुत्र्याचा फोटो आणि त्याच अंबडच्या गृहस्थांकडून टाइप करून घेतलेला अर्ज. विषय: 'सामाईक कुत्र्यास परस्पर एकाचे नाव लावलेबाबत हरकत.' आधी तो हा अर्ज घेऊन तलाठ्याकडं गेला होता. तलाठ्यानं सांगितलं की कुत्र्याचा फेरफार आमच्याकडं नसतो. कुत्रा टेबलाखाली पंख्याच्या वाऱ्यात पसरला होता. मला पाहून त्याची शेपूट फरशीवर आपटायला लागली. दादानं खाली बघितलं. मीही बघितलं. दोघंही मनात मोजत होतो, आणि दोघांनाही ते माहीत होतं.

बाई अर्ज वाचत होत्या. 'बुजवता येणार नाही' पाशी त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

"काका," त्या दादाला म्हणाल्या, "सोपं करू. तुम्ही त्या दारात उभे राहा, हे ह्या दारात. दोघं हाक मारा. ज्याच्याकडं जाईल त्याचं नाव ठेवते."

"कशाला?" आम्ही दोघं एकाच दमात म्हणालो.

मग आम्ही एकमेकांकडं बघितलं. चार आठवड्यांनी पहिल्यांदा.

"ऊन हाय बाहेर," दादा म्हणाला.

"हो, आणि तो आत्ताच बसलाय," मी म्हणालो.

बाईंना काय समजायचं ते समजलं असावं. त्यांनी फॉर्म उलटा केला. मागच्या बाजूला, मी कधी पाहिलाच नव्हता असा, एक रकाना होता: 'मालक बाहेरगावी असल्यास सांभाळ करणाऱ्याचे नाव.' बाई म्हणाल्या, "इथं काकांचं नाव घालू. दोघांची नावं एकाच कागदावर येतील."

दादानं रकाना बघितला. "सांभाळ करणारा. म्हंजे गडी."

"गडी नाही हो काका."

"मालक हा, अन् म्या सांभाळणार. गडीच की मंग. अकरा वर्षांनी थोरला हाय म्या ह्याच्यापेक्षा."

तो पिशवी आवरायला लागला. तो उठला असता तर संपलं होतं. आणि त्या क्षणी माझ्या तोंडातून जे निघालं त्याचा अभिमान वाटावा की लाज, हे मी अजून ठरवलेलं नाही.

"दादा," मी म्हणालो, "सांभाळणारा म्हणजे कूळ."

दादाचा हात पिशवीत थांबला.

आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. दुसऱ्याची जमीन कसतो तो कूळ. कुळाचं नाव एकदा सरकारी कागदाला लागलं की मूळ मालक शहरात बसून हातपाय आपटतो आणि जमीन कुळाची होते. कित्येक मोठी घरं अशी रिकामी झाली. कुत्र्याला हा कायदा लागतो असं जगात कुणी म्हटलेलं नाही. मी म्हटलं.

"कूळ?" दादा म्हणाला.

"कूळ."

"सरकारी कागदावर?"

"शिक्क्यासकट."

बाई माझ्याकडं बघत होत्या. मी पंख्याकडं बघत होतो. दादानं चष्मा लावला, रकाना पुन्हा वाचला, पेन मागितलं आणि सही केली. सही करताना त्याच्या मिशीत हसू होतं, मला बुडवल्याचं. बाईंनी शिक्का मारला. कुत्रा उठून आळस देऊन पुन्हा झोपला.

बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "शनिवारी अंबडला ये. पाळी कोणाची व्हती?"

"तुझ्याकडं चार आठवडे झाले, दादा."

"मंग तुझी. आत्ताच घेऊन जा. शनिवारी जल्दी ये, म्या वाट बघत न्हाई बसणार."

तो बसस्टँडकडं निघाला. मी कुत्र्याला टाकीवर बसवलं.

त्यानंतर दादानं कुळाचं काम असं मनावर घेतलं की काय सांगावं. वहिवाटीचा पुरावा पाहिजे म्हणून त्यानं पीकपाहणी सुरू केली. मोबाइलवर मोसंबीच्या पिकाचा फोटो टाकायचा असतो ना, त्या प्रत्येक फोटोत आता कुत्रा आहे. झाडाशेजारी बसलेला, कॅमेऱ्याकडं बघत, उभा कान सरळ. सरकारी दप्तरात आमच्या गटात मोसंबी आणि कुत्रा अशी मिश्र लागवड दिसत असणार.

मला दोन-तीनदा वाटलं की सांगून टाकावं. एकदा वहिनीला फोनवर म्हणालो, "वहिनी, ते कुळाचं दादाला खरं वाटलं का हो? तलाठ्याला पुन्हा विचारलं का त्यानं?"

वहिनी म्हणाली, "तुमच्या दादाला काय वाटलं ते तुमच्या दादालाच इचारा." आणि तिच्या बांगड्या वाजल्या, म्हणजे तिनं तोंडावर पदर धरला होता. का धरला होता ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. मी दादाला विचारलं नाही. शेपटीचंही विचारलं नाही. जाणून घ्यायची हौस मला शेजाऱ्यांच्या भाजीपर्यंत आहे, पण ह्या दोन गोष्टींपाशी ती थबकते.

गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी दादा हॉटेलात माझ्या आधी येऊन बसला होता. कुत्र्याच्या तोंडाभोवती आता पांढरं दिसायला लागलंय, पीठ खाल्ल्यासारखं. दादा त्याच्याकडं बघत होता.

"बारक्या, कुत्रं किती वर्षं जगतं रे?"

मी आयुष्यात पहिल्यांदा वाढवून सांगितलं नाही. "बारा. फार तर चौदा."

"हा आता किती?"

"आठ असेल."

त्यानं बोटं मोजली. दुसऱ्या हातावर गेला. "वहिवाटीला बारा वर्षं पायजेत. आपली दोन झाली. दहा राह्यली."

"म्हणजे अठरा वर्षांचा होईल तो, दादा."

"व्हईल," दादा म्हणाला, जसं काही ते तहसीलला जाऊन करून आणायचं काम होतं. "बिस्किट बंद कर. टोस्ट बिलकुल न्हाई. अन् ते तीन मजले चढवू नको त्याला, पायाच्या वाट्या जातात. माझ्या गेल्या."

"मग वर कसा नेऊ?"

"उचलून."

तेव्हापासून मी त्याला उचलून नेतो. वजन एकोणीस किलो, तिसऱ्या मजल्यापर्यंत चाळीस. टोस्ट बंद झाला. आता मी एकटाच खातो, तेही दाराआड. वहिनी बाजरीचं पीठ पाठवते, बायको त्याला भाकरी थापते, आणि मला पोळी मिळते ती कालची.

त्याच दिवशी, चहा संपल्यावर, मी दादाला विचारलं होतं. "समज, बारा वर्षं पुरी झाली. मालक तू झालास. मग माझं काय?"

दादानं ह्याचाही विचार करून ठेवला होता. लगेच म्हणाला, "तुझं नाव मागल्या रकान्यात लावू. कूळ म्हणून."

"म्हणजे पुढच्या बारा वर्षांनी पुन्हा माझा."

"कायदा तोच हाय. तुला येगळा, मला येगळा असं न्हाई."

मी हिशेब केला. तोवर कुत्रा तिशीत असेल आणि दादा ऐंशीच्या जवळ. दोघांनाही अंबडपर्यंत मलाच आणावं लागणार होतं.

"चालतंय," मी म्हणालो.

"मंग चल, उशीर करू नको," दादा म्हणाला आणि कुत्र्याला उचलून माझ्या टाकीवर बसवलं, पुढचे पाय नीट सरळ करून.